स्वतःचा सुपर फंड चालवणाऱ्या ऑस्ट्रेलियातील मराठी ट्रस्टींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मेलबर्नच्या टारनीट, पॉइंट कुक, ग्लेन वेव्हर्ली या भागांत, सिडनीत पॅरामॅटा आणि वेस्टमीडच्या आसपास, आणि या देशात इतरत्रही जी मराठी कुटुंबे निवृत्तीची पुंजी, म्हणजे सुपर, मोठ्या फंडातून काढून स्वतःच्या सेल्फ मॅनेज्ड सुपर फंडात ठेवून बसली आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. अशा फंडांचे हिशेब तयार करणे हे माझे रोजचे काम. ३० जूनला आर्थिक वर्ष संपले की आपल्या लोकांचे फोन सुरू होतात आणि जवळपास प्रत्येक फोनवर तोच प्रश्न असतो : "हा खर्च सुपरमधून क्लेम करता येईल का?" प्रश्न रास्त आहे, पण तो ज्या अर्थाने विचारला जातो त्या अर्थाने त्याचे उत्तर देता येत नाही, कारण त्यात दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र बांधलेले आहेत आणि त्यांपैकी धोक्याच्या प्रश्नाकडे सहसा कोणाचे लक्षच नसते.

पहिला प्रश्न असा, की हा खर्च फंडाच्या खात्यातून करण्याची ट्रस्टी म्हणून तुम्हाला मुळात मुभा आहे का? याचे उत्तर सुपरॲन्युएशन इंडस्ट्री (सुपरव्हिजन) कायदा, १९९३ आणि तुमच्या फंडाचा ट्रस्ट डीड, म्हणजे फंड कसा चालवायचा हे ठरवणारा दस्त, यांत शोधावे लागते. दुसरा प्रश्न असा, की मुभा असेल तर तो खर्च फंडाच्या करपात्र उत्पन्नातून वजा होईल का? याचे उत्तर १९९७ च्या आयकर कायद्यात आहे. पहिल्याचे उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचे 'नाही' असे बऱ्याचदा असते, आणि त्यात गैर काही नसते. फंड स्थापन करताना डीड तयार करण्याचा खर्च फंडाने उचलायला हरकत नाही. मात्र तो भांडवली स्वरूपाचा असल्याने त्याची वजावट मिळत नाही. तोच डीड पुढे कायदा बदलला म्हणून किंवा फंडाचा रोजचा कारभार सुरळीत चालावा म्हणून दुरुस्त करून घेतला, तर त्या दुरुस्तीची फी सामान्यतः वजा होते. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर मात्र दुसरा प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही. वजावट मागितली नाही म्हणून नियमभंग माफ होत नाही.

दोन्हींतली जोखीम किती विषम आहे ते आकड्यांत पाहा. साठवणीच्या टप्प्यात, म्हणजे पेन्शन सुरू होण्याआधी, फंडाला १५ टक्के दराने कर लागतो. म्हणजे ५०० डॉलरची पावती वजावटीत बसवून वाचतात ७५ डॉलर. तीच पावती खासगी खर्चाची निघाली आणि फंडाने सभासदाला आर्थिक मदत केली असा त्याचा अर्थ लावला गेला, तर १९९३ च्या कायद्यातील कलम ६५ चा भंग होतो, आणि त्यासाठी प्रशासकीय दंड ६० पेनल्टी युनिटांचा, म्हणजे दंड मोजण्याच्या सरकारी एककांचा, आहे. ७ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या ३३० डॉलरच्या युनिटने हिशेब केला, तर ही रक्कम १९,८०० डॉलर होते. नवरा-बायको दोघेही व्यक्तिशः ट्रस्टी असतील तर हा दंड प्रत्येकाला वेगळा लागू शकतो. कंपनी ट्रस्टी असेल तर एकच दंड होतो आणि सगळे संचालक मिळून त्याला जबाबदार असतात. शिवाय हा दंड फंडातून भरता येत नाही, फंडाकडून नंतर परतही घेता येत नाही. तो घरच्या पैशातून भरायचा असतो. कर खात्याने, म्हणजे एटीओने, ट्रस्टीला शिकवणी घेण्याचा आदेश दिला, तर त्या कोर्सची फीसुद्धा फंडातून देता येत नाही. दर पावतीला इतका दंड होतो असे मला सुचवायचे नाही. छोटी चूक वेळेत निस्तरली तर एटीओ बहुतेक वेळा समंजसपणे वागते. पण ७५ डॉलरसाठी आपण कोणत्या दारावर थाप मारतो आहोत, हे माहीत असावे.

त्याच कायद्याच्या कलम ६२ मध्ये सांगितलेली 'एकमेव हेतू'ची कसोटी या सगळ्याच्या मुळाशी आहे. सभासदाला निवृत्तीनंतर, किंवा त्याच्या पश्चात त्याच्या आश्रितांना, लाभ मिळावा एवढ्यासाठीच फंड चालवायचा असतो. आपल्या लोकांना ही कसोटी पटते, पण तिचा दैनंदिन अर्थ पचायला जड जातो, कारण फंडातले पैसे आपण कमावलेले, ट्रस्टी आपण, सभासद आपण आणि बँकेच्या ॲपचा पासवर्डही आपल्याकडेच. एवढे सगळे हातात असताना तो पैसा आज आपला नाही, हे मनाला मानवत नाही. साध्या घरगुती भाषेत सांगायचे, तर मुलीच्या नावे ठेवलेल्या दागिन्यांची किल्ली आईकडे असते म्हणून ते दागिने आईला गहाण टाकता येत नाहीत.

आता एक पावती जवळून पाहू. अशा पावत्या दरवर्षी माझ्या टेबलावर येतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाचे बिल, त्यावर एक लॅपटॉप, एक माउस आणि तीन वर्षांची वाढीव वॉरंटी. ग्राहक म्हणून सभासदाचे स्वतःचे नाव, पत्ता घरचा, पैसे घरच्या क्रेडिट कार्डावरून दिलेले. आणि वरच्या कोपऱ्यात निळ्या पेनने ठळक अक्षरांत 'सुपर' असे लिहिलेले. त्या एका शब्दाने लॅपटॉप फंडाचा होत नाही. लॅपटॉप खरोखर फंडाने घेतला असेल तर बिल ट्रस्टीच्या नावे हवे, पैसे फंडाच्या खात्यातून गेलेले हवेत आणि ती वस्तू फंडाची मालमत्ता म्हणून ताळेबंदात दिसायला हवी. मग दुसरी अडचण येते : फंडाच्या मालकीच्या लॅपटॉपवर मुलगा शाळेचा अभ्यास करतो, तेव्हा फंडाची मालमत्ता सभासदाचे कुटुंब फुकट वापरत असते. आठवड्यातून तासभर शेअरचे भाव पाहण्यासाठी इतकी उठाठेव करण्यापेक्षा लॅपटॉप स्वतःच्या पैशाने घ्यावा आणि विषय सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इंटरनेट, मोबाइल, शेअर बाजाराच्या नियतकालिकांची वर्गणी या खर्चांनाही हेच लागू होते. त्यांतला जो भाग निश्चितपणे फंडाच्या गुंतवणुकीसाठी आहे तेवढाच, आणि तो कसा काढला हे कागदावर लिहून ठेवलेले असेल तरच, फंडाच्या माथी टाकता येतो.

ज्यावर कोणी वाद घालणार नाही असे खर्च थोडक्यात सांगते. हिशेब आणि विवरणपत्र तयार करण्याची फी, ऑडिटची फी, एटीओची दरवर्षीची २५९ डॉलरची पर्यवेक्षण लेव्ही, ट्रस्टी कंपनीची वार्षिक पुनरावलोकन फी, बँकेचे शुल्क, गुंतवणूक सल्लागाराची चालू फी. नव्या फंडाला पहिल्या वर्षी लेव्ही दुप्पट, म्हणजे ५१८ डॉलर बसते, कारण तेव्हा चालू आणि पुढच्या वर्षाची मिळून घेतली जाते. यात फसवणूक काही नाही, एवढे सांगून पुढे जाते. सल्लागाराच्या फीबाबत एक सावधगिरी मात्र हवी. त्याच बैठकीत घराचे कर्ज, मुलांच्या शिक्षणाची तरतूद आणि मृत्युपत्र यांवरही चर्चा झाली असेल, तर सल्लागाराकडून बिलाची फोड करून घ्यावी आणि सुपरपुरताच भाग फंडाने द्यावा. घटस्फोटात सुपरची वाटणी होते तेव्हा सभासदाने आपल्या बाजूने लावलेल्या वकिलाची फी ही तर सरळसरळ त्याची वैयक्तिक बाब आहे.

विम्याबद्दल आपल्याकडे माहितीपेक्षा ऐकीव गोष्टी जास्त फिरतात. सभासदाचा मृत्यू, असाध्य आजार, कायमचे अपंगत्व किंवा तात्पुरती अक्षमता यांसाठीचा विमा फंड घेऊ शकतो. पॉलिसी ट्रस्टीच्या नावे असली पाहिजे आणि विमा सभासदाचाच असला पाहिजे. बायको फंडाची सभासद नसेल तर तिच्या विम्याचा हप्ता फंडातून जाणार नाही. हृदयविकार, कर्करोग अशा आजाराचे निदान झाले की ठोक रक्कम देणारा ट्रॉमा विमा १ जुलै २०१४ नंतर फंडाला नव्याने घेता येत नाही, कारण निव्वळ निदान झाले म्हणून सुपरमधले पैसे काढता येत नाहीत. मृत्यू आणि कोणतेही योग्य काम करता न येण्याइतके कायमचे अपंगत्व यांसाठीच्या विम्याचा हप्ता मात्र पूर्ण वजा होतो, आणि फंड निवृत्तिवेतन देऊ लागला तरी त्या हप्त्याची विभागणी करावी लागत नाही.

ही विभागणी काय प्रकार आहे, हे साठी गाठलेल्या ट्रस्टींनी नीट समजून घ्यावे. फंडातून पेन्शन सुरू झाली की त्या पेन्शनला आधार देणाऱ्या मालमत्तेचे उत्पन्न करमुक्त होते. करमुक्त उत्पन्न मिळवण्यासाठी केलेला खर्च वजा होत नाही, हे त्याच नाण्याचे दुसरे अंग. समजा एका सभासदाचे खाते पेन्शनच्या टप्प्यात आहे, दुसऱ्याचे अजून साठवणीत आहे, आणि ॲक्च्युअरीच्या, म्हणजे विमा-पेन्शनचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या, दाखल्यानुसार त्या वर्षीच्या उत्पन्नापैकी ६० टक्के करमुक्त ठरले. अशा वेळी ३,००० डॉलरच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चातले १,२०० डॉलरच वजा होतील आणि त्यावर १५ टक्क्यांनी १८० डॉलर वाचतील. फंड पूर्णपणे पेन्शनच्या टप्प्यात असेल तर अशा खर्चातून वाचणारा कर शून्य. त्यामुळे ज्यांचा सगळा फंड पेन्शनमध्ये गेला आहे त्यांनी कॉफीच्या पावत्या जमवत बसू नये. एरवीही बसू नये, पण त्यांनी तर मुळीच नाही.

आता घरांकडे वळते, कारण आपल्या लोकांनी स्वतःचा फंड काढण्याचे कारण बहुतेक वेळा घर हेच असते. 'फंड आम्ही मोफत काढून देतो, तुम्ही फक्त आमच्या प्रकल्पातले घर घ्या' असे सांगणारे गणेशोत्सवाच्या मंडपाबाहेरच्या स्टॉलपर्यंत पोचले आहेत. ही फी त्यांनी माफ केलेली नसते. घराच्या किमतीत ती कुठेतरी बसवलेली असते. त्यावर स्वतंत्र पत्र लिहिता येईल. इथे फक्त खर्चापुरते बोलते.

फंडाच्या मालकीच्या, भाड्याने दिलेल्या घराचे काउन्सिल रेट्स (पालिकेची घरपट्टी), पाणीपट्टी, लँड टॅक्स, एजंटचे कमिशन, घराचा विमा आणि मर्यादित हक्काच्या (बुडाल्यास सावकाराला फक्त त्या घरावरच हक्क सांगता येणाऱ्या) कर्जावरील व्याज हे खर्च फंडाने द्यायचे आणि ते वजा होतात. दुरुस्ती आणि सुधारणा यांत मात्र बरेच जण घसरतात. भाडेकरूच्या काळात गळू लागलेला नळ किंवा फुटलेली फरशी बदलणे ही दुरुस्ती; ती त्याच वर्षी वजा होते. घर घेतानाच मोडकळीला आलेले कुंपण उभे करणे हा भांडवली खर्च, कारण तो दोष खरेदीच्या वेळीच होता. अख्खे स्वयंपाकघर काढून नवे बसवणे हेही भांडवली काम असून त्याची वजावट साधारणपणे वर्षाला २.५ टक्क्यांनी, ४० वर्षांत मिळते. घर कर्जावर घेतले असेल तर आणखी एक पायरी आहे : कर्जाच्या पैशातून दुरुस्ती चालते, सुधारणा चालत नाही. सुधारणा करायची तर ती फंडाच्या स्वतःच्या पैशातून, आणि मूळ मालमत्तेचे स्वरूपच पालटणार नाही अशा बेताने करावी लागते.

निवासी घराच्या बाबतीत तीन गोष्टी स्वतः चालवलेल्या फंडांना स्पष्टपणे नाकारलेल्या आहेत आणि त्या आपल्याला लागू नाहीत असा गोड गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. १ जुलै २०१७ पासून भाड्याचे निवासी घर पाहायला, त्याची देखभाल करायला किंवा भाडे गोळा करायला केलेल्या प्रवासाची वजावट मिळत नाही. ९ मे २०१७ च्या अर्थसंकल्पाच्या संध्याकाळनंतर विकत घेतलेल्या जुन्या घरात आधीपासून असलेल्या एअर कंडिशनर, गालिचा, गीझर अशा वापरलेल्या वस्तूंचा घसारा मिळत नाही. आणि १ जुलै २०१९ पासून रिकाम्या भूखंडावरचे व्याज, रेट्स असे बाळगण्याचे खर्च सर्वसाधारणपणे वजा होत नाहीत. मोठ्या सुपर फंडांना या तिन्ही नियमांतून सूट आहे आणि आपल्याला नाही. हा दुजाभाव मला खटकतो, पण कायद्याचे शब्द त्याबाबत निःसंदिग्ध आहेत. म्हणून मेलबर्नच्या ट्रस्टीने गोल्ड कोस्टचे घर पाहायला शाळेच्या सुट्टीत सहकुटुंब जाऊन यावे, आणि 'ट्रस्टींची वार्षिक सभा' असा ठराव लिहून चौघांची तिकिटे फंडात लावावीत, ही कल्पना दोन्ही प्रश्नांवर आपटते. वजावट तर नाहीच, शिवाय मुलांची तिकिटे हा थेट कुटुंबाला दिलेला लाभ.

पुण्यातल्या फ्लॅटबद्दलही विचारणा होते. परदेशी मालमत्तेवर या कायद्यात सरसकट बंदी नाही, हे खरे. पण त्या निवासी फ्लॅटमध्ये आई-वडील किंवा भाऊ राहू शकत नाहीत, अगदी बाजारभावाने भाडे देऊनही फंड अडचणीत येऊ शकतो. नातेवाइकांकडून तो विकत घेता येत नाही. फंडाची मालकी तिथल्या कागदपत्रांत दिसली पाहिजे. आणि भारतातील परकीय चलनाचा कायदा वेगळे प्रश्न उभे करतो ते निराळेच. दिवाळीच्या विमान तिकिटाला 'मालमत्ता पाहणी' म्हणण्याविषयी वर लिहिलेच आहे.

सोन्याबाबत एवढेच, की दागिने हे संग्राह्य वस्तूंच्या नियमांत येतात. फंडाने दागिने घेतले तर ते सभासदाच्या किंवा नातेवाइकांच्या घरात ठेवता येत नाहीत, त्यांना एकदाही घालता येत नाहीत, आणि ताब्यात आल्यापासून सात दिवसांच्या आत फंडाच्या नावे विमा काढावा लागतो. मुलीच्या लग्नात घालता न येणारा हार घेऊन ठेवण्यात ज्यांना रस असेल, त्यांनी लॉकरचे भाडे आणि विम्याचा हप्ता फंडाकडून जरूर भरावा.

आतापर्यंत जे लिहिले ते जास्तीचा खर्च फंडावर टाकण्याबद्दल. पण फंडाला खर्च कमी लावणेही महागात पडते, आणि हा भाग आपल्या काटकसरी स्वभावाला सर्वांत अनपेक्षित वाटतो. ट्रस्टीने ट्रस्टी म्हणून केलेल्या कामाचा मोबदला फंडाकडून घेता येत नाही. मात्र तोच माणूस व्यवसायाने प्लंबर, इलेक्ट्रिशियन किंवा अकाउंटंट असेल, त्याच्याकडे त्या कामाची पात्रता आणि परवाना असेल, तो तेच काम बाहेरच्या लोकांसाठी व्यवसाय म्हणून करत असेल आणि दर बाजारभावापेक्षा जास्त नसेल, तर १९९३ च्या कायद्यातील कलम १७बी नुसार फंड त्याला त्या कामाचे पैसे देऊ शकतो. आता आपला माणूस म्हणतो, 'माझ्याच फंडाचे काम, मी पैसे कशाला घेऊ?' आणि आपल्या धंद्याचे सामान, परवाना आणि माणसे वापरून फंडाच्या घराचे न्हाणीघर फुकट करून देतो. २०१८-१९ या आर्थिक वर्षापासून लागू असलेल्या कायद्यानुसार हा बाजारभावापेक्षा कमी दाखवलेला खर्च ठरतो. तो खर्च एका विशिष्ट मालमत्तेशी जोडलेला असल्यामुळे त्या घराचे निव्वळ भाडे १५ ऐवजी ४५ टक्के दराने करपात्र होऊ शकते, आणि न्हाणीघरासारखे भांडवली काम असेल तर पुढे घर विकल्यावरच्या नफ्यालाही तोच दर चिकटू शकतो.

हिशेब, प्रशासन अशा सर्वसाधारण खर्चाबाबत आधी परिस्थिती याहून भयंकर होती : एक स्वस्तातले बिल संपूर्ण फंडाच्या उत्पन्नाला ४५ टक्क्यांच्या तोंडी देऊ शकत होते. व्यवसायातल्या लोकांनी अनेक वर्षे ओरड केली, आणि जून २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही झळ बाजारभावापेक्षा कमी दिलेल्या रकमेच्या दुपटीपुरती मर्यादित झाली. म्हणजे ३,००० डॉलरचे काम एखाद्या ट्रस्टीच्या फर्मने फुकट केले, तर ६,००० डॉलर ४५ टक्क्यांनी करपात्र, कर २,७०० डॉलर. अकाउंटंट असलेल्या ट्रस्टीने रविवारी घरी बसून, ट्रस्टी या नात्याने, आपल्याच फंडाची वही लिहिली तर त्याला हा नियम लागत नाही. फर्मची माणसे आणि फर्मची साधने भरीव प्रमाणात कामाला लावली की लागतो. इलेक्ट्रिशियनला मात्र ही रविवारची सवलत जवळजवळ नाही, कारण परवाना लागणारे काम तो ट्रस्टी म्हणून करतो आहे असे म्हणणे कठीण. भिंतीला रंग देणे, गवत कापणे, अंगण झाडणे ही कामे घरच्या अवजारांनी खुशाल करावीत. धंद्याच्या कामाचे मात्र बाजारभावाने बिल करावे, फंडाने ते भरावे आणि तुम्ही ते स्वतःच्या उत्पन्नात दाखवावे.

पैसे आधी घरच्या कार्डावरून भरले आणि नंतर फंडातून घेतले तर चालते का, हाही नेहमीचा प्रश्न आहे. चालते, पण सवय म्हणून नव्हे. बिल ट्रस्टीच्या नावाचे असावे, परतफेड लवकर आणि नेमक्या तितक्याच रकमेची व्हावी आणि बँकेच्या उताऱ्यावर ती ओळखता यावी. ऑडिटरची फी तुम्ही खिशातून भरली आणि परत घेतलीच नाही, तर ती सहसा तुमचे फंडातले योगदान समजली जाते आणि वार्षिक मर्यादेत मोजली जाते. २०२४-२५ आणि २०२५-२६ साठी सवलतीच्या दराच्या योगदानाची मर्यादा ३०,००० डॉलर आहे; पगारातून थेट सुपरमध्ये रक्कम वळवून ती काठोकाठ भरणाऱ्यांनी हे विसरू नये. उलट बाजूने, फंडाच्या कार्डावर घरचा किराणा 'चुकून' गेला आणि दोन महिन्यांनी परत भरला, तर त्या दोन महिन्यांपुरते फंडाने तुम्हाला कर्ज दिले असा त्याचा अर्थ होतो. दोन्ही कार्डे एकाच पाकिटात, एकाच रंगाची ठेवू नयेत. बँक बदलून घ्या हवी तर.

ऑडिटरबद्दल चार शब्द. फंडाचे ऑडिट दरवर्षी नोंदणीकृत, स्वतंत्र ऑडिटरकडून करून घ्यावेच लागते आणि त्याची नेमणूक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेच्या किमान ४५ दिवस आधी करावी लागते. त्याने मागितलेली पावती ही त्याची हौस नसते. ठरावीक निकषांपलीकडचा नियमभंग दिसला, तर एटीओला कळवणे त्याला कायद्याने भाग आहे. १५ महिन्यांपेक्षा कमी वयाच्या नव्या फंडात २,००० डॉलरच्या वरचा एकच नियमभंग त्यासाठी पुरतो. हिशेबाची कागदपत्रे पाच वर्षे आणि ट्रस्टींच्या सभांची इतिवृत्ते दहा वर्षे जपून ठेवावी लागतात. इतिवृत्त म्हणजे छापील नमुन्यात मागाहून टाकलेली तारीख नव्हे. एखादा खर्च फंडाने का उचलला, त्यातला किती भाग आणि कोणत्या हिशेबाने, हे त्या वेळी लिहिलेले चार ओळींचे टिपण ऑडिटरला पुरते.

या पत्राला कोणी वैयक्तिक सल्ला समजू नये. तुमचा डीड आणि तुमचे आकडे पाहिल्याशिवाय तो देता येत नाही आणि देऊही नये. माझी विनंती अशी, की ज्यांच्या फंडात गेल्या काही वर्षांत वर लिहिल्यासारखे काही घडले असेल, घरच्या नावाची बिले, परत न भरलेल्या रकमा किंवा सहलीची तिकिटे, त्यांनी पुढच्या ऑडिटची वाट पाहू नये. रक्कम योग्य व्याजासह फंडात परत भरावी, चूक कशी झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले याचा ठराव लिहावा, आणि बाब गंभीर असेल तर आपल्या अकाउंटंटमार्फत एटीओकडे स्वेच्छेने खुलासा करावा. त्यासाठी एटीओची वेगळी व्यवस्था आहे, आणि दंड ठरवताना आपण होऊन पुढे येणाऱ्याचा वेगळा विचार होतो. चुकीची वजावट आधीच घेतली असेल, तर त्या वर्षीचे विवरणपत्रही दुरुस्त करून द्यावे.

आपली नम्र,
मेलबर्नमधील एक मराठी अकाउंटंट